जुनी मोटार ठेवावी की नवी घ्यावी?

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय वरवर पाहता घरगुती आहे. मोटार दहा-बारा वर्षांची झालेली असते, मेस्त्री दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज कागदावर लिहून देतो, आणि घरात चर्चा सुरू होते की, एवढे पैसे जुन्या गाडीवर घालण्यापेक्षा त्यांत थोडी भर टाकून नवीच गाडी का घेऊ नये? ह्या चर्चेत 'थोडी भर' हे शब्द ज्या सहजतेने उच्चारले जातात, तिच्याकडे प्रथम लक्ष द्यावयास हवे. मेस्त्रीचा अंदाज साठ हजारांचा असतो, नवी गाडी आठ लाखांची असते. तरीही अंगावर येतात ते साठ हजारच. ते एका दिवसात, रोख, आणि काहीही नवे हाती न लागता द्यावे लागतात. आठ लाख मात्र हप्त्याहप्त्याने जातात, आणि दारात काहीतरी चकचकीत उभे राहते. म्हणून तो खर्च वाटतच नाही.

एके काळी आपल्या देशात हा प्रश्नच फारसा उद्भवत नसे. परवान्यांच्या त्या वर्षांत हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड ही तीनच नावे मोटार घेणाऱ्याला ठाऊक असत. पैसे भरून नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, अशी रीत होती. नवी गाडी मागताक्षणी मिळत नाही म्हटल्यावर चालत्या जुन्या गाडीची किंमत उतरणार कशी? डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 रस्त्यावर आली, पुढे 1991 नंतर बाजार खुला झाला, आणि मग जुन्या गाडीची किंमत वर्षागणिक घसरू लागली. वडील पिढीच्या काटकसरीला अनुकूल अशी परिस्थिती होती. आजच्या मालकाला तोच निर्णय स्वतः आकडे मांडून घ्यावा लागतो.

आकडे मांडताना सर्वांत मोठी चूक होते ती येथे: दुरुस्तीच्या बिलाची तुलना नव्या गाडीच्या किमतीशी केली जाते, किंवा जुन्या गाडीच्या बाजारभावाशी केली जाते. "गाडीची किंमतच लाख-सव्वा लाख, तिच्यावर साठ हजार कोण घालणार?" हा युक्तिवाद फार लोकप्रिय आहे. परंतु विकायची नसलेली वस्तू बाजारात कितीला जाईल, ह्या गोष्टीचा ती पुढील वर्षभर चालविण्याच्या खर्चाशी अगदी थोडा संबंध असतो. खरी तुलना एका वर्षाशी दुसऱ्या वर्षाची. जुनी गाडी आणखी एक वर्ष ठेवली तर एकूण किती पैसे जातील, आणि नवी घेतली तर त्याच वर्षात किती जातील?

ह्या दुसऱ्या रकमेत एक मोठा खर्च असा आहे की, त्याचे बिल कोणी पाठवीत नाही. तो म्हणजे घसारा. वापरामुळे आणि काळामुळे वस्तूची किंमत जी कमी होते, तिला हिशेबनीस घसारा म्हणतात. कारखानदार तो आपल्या वहीत दरवर्षी न चुकता लिहितो. गृहस्थ लिहीत नाही. भारतातील मोटारविम्याच्या दरपत्रकात ह्या घसाऱ्याची एक सरळ पायरी दिलेली असते. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत पाच टक्के, एक वर्षाची होईपर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के. म्हणजे विम्याच्या दृष्टीने पाच वर्षांत निम्मी गाडी नाहीशी होते. पाच वर्षांनंतर दरपत्रक बोलतच नाही. किंमत विमा कंपनी आणि मालक ह्यांनी आपसांत ठरवावयाची असते. प्रत्यक्ष बाजार ह्या पायऱ्यांवरूनच चालतो असे नाही, पण त्याची दिशा हीच असते. गाडीच्या आयुष्यातील पहिली वर्षे सर्वांत महाग असतात, आणि नेमकी तीच वर्षे मालकाला सर्वांत स्वस्त वाटतात, कारण गॅरेजला पाय लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने तेथे आपले आकडे घालावेत. एका कुटुंबाकडे बारा वर्षांची पेट्रोलवर चालणारी गाडी आहे. ती विकली तर 1,20,000 रुपये येतील. ती वर्षाला 8,000 किलोमीटर चालते आणि लिटरला 13 किलोमीटर जाते. नवी गाडी विमा वगळून 8,00,000 रुपयांची आहे आणि लिटरला 19 किलोमीटर जाते. पेट्रोलचा दर 100 रुपये, आणि पैसे गाडीत न गुंतविता बँकेत ठेवले असते तर मिळाले असते ते व्याज शेकडा 7 धरू. हिशेब पाच वर्षांचा.

जुन्या गाडीला वर्षाला सुमारे 615 लिटर, म्हणजे 61,500 रुपयांचे पेट्रोल लागेल. पहिल्या वर्षी साठ हजारांची दुरुस्ती आणि पुढे त्याहून कमी, अशी सरासरी 40,000 धरू. पाच वर्षांनी ती गाडी चाळीस हजारांना जाईल असे मानले तर घसारा वर्षाला 16,000 होतो. अडकलेल्या रकमेवरील व्याज सरासरी 5,600 आणि विमा 8,000. बेरीज 1,31,100 रुपये.

नव्या गाडीला 421 लिटर, म्हणजे 42,100 रुपयांचे पेट्रोल लागेल. देखभालीचे सरासरी 10,000 आणि विम्याचे 22,000. पाच वर्षांनी ती साडेतीन लाखांना विकली जाईल असे धरले तर घसारा वर्षाला 90,000, आणि अडकलेल्या रकमेवरील व्याज सुमारे 40,000. बेरीज 2,04,100 रुपये. फरक वर्षाला 73,000 रुपयांचा, आणि तो जुन्या गाडीच्या बाजूने. निराळ्या शब्दांत सांगावयाचे तर, जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर दरवर्षी 1,13,000 रुपये खर्च होऊ लागतील तेव्हा दोन्ही पारडी समान होतील. एखाद्या वर्षी इतके बिल येऊ शकते. पाचही वर्षे सलग येणे कठीण.

पेट्रोलची बचत होते म्हणून नवी गाडी परवडते, हे विधान तर ह्या उदाहरणात अजिबात टिकत नाही. बचत वर्षाला 19,400 रुपयांची आहे, आणि तीसाठी नव्वद हजारांचा घसारा सोसावा लागतो. नवी गाडी कर्जावर घेतली तर चित्र आणखी बदलते. सहा लाखांचे कर्ज शेकडा 9 दराने पाच वर्षांत फेडावयाचे झाले तर हप्ता सुमारे 12,455 रुपये पडतो आणि पाच वर्षांत व्याजापोटीच जवळजवळ 1,47,000 रुपये जातात.

परंतु हाच हिशेब वर्षाला 30,000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीला लावला तर? तेव्हा पेट्रोलमधील फरक एकदम 73,000 रुपयांच्या घरात जातो, म्हणजे आधीच्यापेक्षा सुमारे 53,500 रुपये अधिक. मूळच्या 73,000 रुपयांपैकी जेमतेम वीस हजारांचा फायदा शिल्लक राहतो, आणि एवढ्या वापरात जुन्या गाडीचे क्लच, पाटे, टायर, ब्रेक ह्यांचे काम चाळीस हजारांत भागणे शक्य नाही. नव्या गाडीचाही घसारा वाढेल हे खरे. तरी पारडे फिरू लागते. 'जुनी स्वस्त की नवी' ह्या प्रश्नाला किती चालते ह्याची चौकशी केल्यावाचून उत्तर देणारा सल्लागार एक तर विक्रेता असावा किंवा हौशी.

सरकारच्या एका निर्णयानेही हा हिशेब कसा हलतो ते अलीकडेच दिसले. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवर आणला गेला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या ही बातमी सर्वांनी वाचली. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीची किंमतही त्यामागोमाग उतरते, ही तिची दुसरी बाजू. जुनी विकून नवी घेणाऱ्याला करकपातीचा सगळा लाभ मिळाला असे नव्हे. जुनी ठेवणाऱ्याचे मात्र काहीच गेले नाही, कारण त्याला विकावयाचीच नव्हती.

येथे एक भेद लक्षात घेणे जरूर आहे. आपली जुनी गाडी ठेवणे आणि दुसऱ्याची जुनी गाडी विकत घेणे, ह्या अगदी भिन्न गोष्टी आहेत. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकन बोलीत खोट असलेल्या गाडीला लिंबू म्हणतात, आणि निबंधाच्या नावातही तोच शब्द आहे. त्याचे म्हणणे साधे होते. विकणाऱ्याला गाडीची खोट ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सावधपणे कमी भाव सांगतो; त्या भावाला चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही; परिणामी बाजारात खोटच अधिक येते, आणि भाव आणखी उतरतो. ह्याच निबंधात भारतातील सावकारी पतपुरवठ्याचेही उदाहरण आहे, कारण तेथेही ऋणकोची खरी ओळख जवळच्यालाच असते. अकरलॉफ ह्यांना पुढे 2001 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जुन्या गाडीच्या मालकाने ह्यातून घ्यावयाचे ते एवढेच: वेळच्या वेळी तेल बदललेल्या, अपघात न झालेल्या गाडीचे जे मोल त्याला ठाऊक आहे, ते बाजार त्याला देणार नाही. चांगली राखलेली गाडी विकण्यात जो तोटा होतो तो दुर्लक्षिलेली गाडी विकण्यात होत नाही.

वाटेत बंद पडण्याच्या भीतीचे काय? तिलाही किंमत आहे, आणि ती लावता येते. अमेरिकेतील मॅडिसन शहराच्या बससेवेत हॅरॉल्ड झर्कर नावाचे देखभाल-अधिकारी होते. कोणत्या बसचे इंजिन कधी बदलावयाचे, हा निर्णय ते आपल्या अनुभवावरून घेत. जॉन रस्ट ह्या अर्थशास्त्रज्ञाने 1974 ते 1985 ह्या काळातील त्या बसगाड्यांच्या धावेच्या मासिक नोंदी घेतल्या, आणि झर्कर ह्यांच्या निर्णयामागे कोणता हिशेब असला पाहिजे तो गणिताने उलगडण्याचा प्रयत्न केला. 1987 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकविला जातो. त्यात इंजिनाच्या किमतीसमोर अवचित बिघाडाचा खर्च ठेवलेला आहे, आणि त्या खर्चात गाडी ओढून आणण्याबरोबर प्रवाशांची गैरसोय आणि नाराजीही येते. बिघाड सहन करण्याची ज्याची तयारी कमी, त्याने बदल लवकर करावा. रात्रीअपरात्री घाटातून जावे लागणाऱ्या डॉक्टरची गाडी आणि रविवारी बाजारात जाणाऱ्या निवृत्त शिक्षकाची गाडी सारख्याच वयाच्या असल्या तरी त्यांची निवृत्ती एका दिवशी येत नाही.

अर्थात जुन्या गाडीच्या बाजूनेही लोक फसतात. "गेल्याच वर्षी इंजिन उघडून चाळीस हजार घातले, आता कशी विकायची?" असे म्हणणारा मालक गेलेल्या पैशांसाठी नवे पैसे घालीत असतो. ते चाळीस हजार गाडी ठेवली तरी गेले आणि विकली तरी गेले. त्यांच्यामुळे इंजिन पुढे किती वर्षे चालेल, एवढेच पाहावयाचे.

जुन्या गाडीचा खरा शेवट इंजिनाने क्वचितच होतो. इंजिन पुन्हा बांधता येते, गिअरपेटी उघडता येते. पत्रा मात्र गंजला की मेस्त्री हात टेकतो. कोकणच्या आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत ही गोष्ट लवकर होते. गाडीखालच्या सांगाड्याला भोके पडली असतील तर त्यावर रंग मारून घेणे म्हणजे स्वतःलाच फसविणे. दुसरा शेवट सुट्या भागांचा. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात अँबॅसडरचे उत्पादन मे 2014 मध्ये थांबले. त्यानंतर नवा भाग मिळण्याऐवजी भंगारातून निघालेला भाग शोधणे हाच उद्योग झाला. अलीकडच्या गाड्यांत ह्याला आणखी एक फाटा फुटला आहे. पूर्वी कार्बुरेटर उघडून साफ करीत; आता संगणकीय पेटी बिघडली तर ती सबंध बदलावी लागते. इंधनही बदलले आहे. 2025 मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले, आणि त्याला अनुरूप सामग्री नव्या गाड्यांत एप्रिल 2023 पासून आली. त्यापूर्वीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सांधे तपासून घेण्याचा खर्च हिशेबात धरलेला बरा.

सुरक्षिततेचा जमाखर्च रुपयांत होत नाही. चाके न अडकता ब्रेक लागण्याची व्यवस्था भारतात सर्व नव्या मोटारींना एप्रिल 2019 पासून, आणि चालकापुढील हवेची पिशवी जुलै 2019 पासून सक्तीची झाली. ज्या जुन्या गाडीत ह्यांपैकी काहीच नाही, ती महामार्गावर वारंवार नेणाऱ्या कुटुंबाने वरील 73,000 रुपयांकडे पाहून समाधान मानू नये.

धुराविषयी दोन निराळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वरील उदाहरणात नवी गाडी वर्षाला 194 लिटर वाचवील, म्हणजे सुमारे 446 किलो. नवी गाडी तयार करतानाच पोलाद, काच, रबर ह्यांपायी पाच टन वायू निघतो असे मानले, तर तो भरून निघण्यास अकरा वर्षे लागतील. 30,000 किलोमीटर चालविणाऱ्याला तीनच. परंतु श्वासाला बाधणारे विषारी वायू ही वेगळी बाब आहे. त्यांत जुनी, विशेषतः कार्बुरेटरची गाडी नव्या गाडीपेक्षा कितीतरी वाईट ठरते, आणि एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकांमुळे हे अंतर वाढले. हा खर्च मालकाच्या वहीत येत नाही; तो रस्त्याकडेला राहणाऱ्याच्या छातीत जमा होतो.

म्हणूनच कायदा मध्ये येतो, आणि त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे उदाहरण ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ह्या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेनुसार 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. टॅक्सी दिवसाला शंभर किलोमीटर धावते असे धरले तरी वर्षाचे तीस हजार होतात. वरील हिशेबाप्रमाणे एवढे धावणाऱ्याने जुनी गाडी फार पूर्वीच सोडावयास हवी होती. मग टॅक्सीवाले ती का राखून होते? त्यांना हिशेब येत नव्हता, असे समजणे अन्यायाचे होईल. दुरुस्ती तुकड्यातुकड्याने करता येते. आज क्लचची तार, महिन्याभराने टायर. कमाई झाली त्या आठवड्यात काम काढावयाचे, नाही तर पुढे ढकलावयाचे. कर्जाचा हप्ता पुढे ढकलता येत नाही. तो आजारपणातही येतो, संपातही येतो, आणि 2020 सारख्या टाळेबंदीच्या वर्षातही त्याचे व्याज चालूच राहते. ज्याच्याजवळ शिल्लक नाही, त्याला शेकडा 7 व्याजाचे गणित लागू पडत नाही. त्याचा पैसा अधिक महाग असतो. शिवाय पद्मिनीची कळ त्याला आणि नाक्यावरच्या मेस्त्रीला पाठ होती. कोलकात्यातही असेच घडले. तेथील उच्च न्यायालयाने 2008 मध्ये जुन्या व्यापारी वाहनांविरुद्ध आदेश दिला, पंधरा वर्षांची मर्यादा लागू झाली, आणि 2014 नंतर नवी अँबॅसडर मिळणेच बंद झाल्यामुळे पिवळ्या टॅक्सी वर्षावर्षाने उणावत गेल्या.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी ह्या कामाचे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 करण्यात आले. पाच वर्षांवर वाटून टाकले तर वर्षाला हजार ते दोन हजार; एवढ्याने कोणाचा निर्णय फिरू नये. दिल्ली आणि परिसरातील नियम मात्र वेगळे आहेत. तेथे दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मनाई केली होती, आणि 2025 मध्ये त्या बंदीच्या अंमलबजावणीसंबंधी न्यायालयात पुन्हा आदेश झाले. दिल्लीकराने जुन्या गाडीवर मोठा खर्च करण्यापूर्वी त्या क्षणी कोणता आदेश लागू आहे हे परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

गाडी मोडीतच काढावयाची झाली तर ती नोंदणीकृत मोड-केंद्राकडे द्यावी. तेथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खाजगी गाडीच्या वाहनकरात राज्य सरकारांना 25 टक्क्यांपर्यंत सूट देता येते. मोडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के असावी अशी 2021 च्या धोरणात अपेक्षा होती. वरच्या आठ लाखांच्या गाडीला ते प्रमाण लावले तर 32,000 ते 48,000 रुपये होतात. चालत्या गाडीला बाजार ह्याहून बराच अधिक भाव देतो, म्हणून चालती गाडी सहसा मोडीत जात नाही. ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती दुसऱ्या राज्यातील एखाद्या लहान गावी जाते, आणि तेथे नव्या मालकाचे नाव चढून आणखी काही वर्षे धावते.